आबांची काळी एक

आमच्या आबांना राग आला की ते बोलत नाहीत, कामाला लागतात. त्या गुरुवारी ओसरीवर बायकांचं भजन रंगात आलं होतं आणि आबा अंगणात ट्रॅक्टर चालू करून त्यावर बसले होते. ट्रॅक्टर कुठंही न्यायचा नव्हता. ऊस तुटून गेलेला, रान रिकामं. तरी इंजिन धडधडत होतं आणि आबा समोरच्या भिंतीकडं बघत होते. कारण एकच, ओसरीवर बिरू पेटी वाजवत होता.

आबा म्हणजे माझे सासरे, भीमराव. पणदऱ्यात आमची शेती, आणि जन्म गेला साखर कारखान्याच्या नोकरीत. लग्न नवं होतं तेव्हा म्हणे रोज दिवेलागणीला ते पेटी काढायचे आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, गायच्या. पेटी आबा पुरुषांच्या भजनात मागं बसून, दुसऱ्याची बोटं बघून शिकलेले. पुढं नोकरी लागली, रात्रपाळ्या आल्या, पोरं झाली आणि पेटी माळ्यावर गेली. ती खाली आली थेट यंदा, आबा रिटायर झाल्यावर. उंदरांनी भाता कुरतडला होता. बारामतीला नेऊन आबांनी तो बदलून आणला, पेटीला तेलपाणी केलं आणि नव्या नवरीसारखं तिला खोलीत ठेवलं.

मधल्या काळात आत्या काही गप्प बसल्या नव्हत्या. गल्लीतल्या बायकांनी भजनी मंडळ काढलं होतं. दर गुरुवारी एकेकीच्या घरी बसायचं, आणि पेटीला कऱ्हाटीचा बिरू. त्याच्या आजानं मेंढरं राखली, तो दुधाचा टेम्पो चालवतो. डेअरीला दूध घालून परत जाताना भजनाला थांबतो. मान खाली घालून वाजवतो, चहा पितो आणि जातो. या एवढ्याशा माणसावर आबा जळत होते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

"त्याच्या च्यात आलं जास्त घातलंस का गं?" एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

"एकाच पातेल्यातला हाय, आबा."

"मग आमालाच का पाणचट लागतोय?"

मला हसू आलं, पण त्यांना खरंच लागत होतं. बिरूच्या पेटीवर आत्यांचा आवाज असा काही सुटायचा की मीसुद्धा पोळ्या टाकून दारात यायची. आबांनी हा आवाज तरुणपणी ऐकला होता, तो त्यांच्यासाठीच होता, आणि आता तो दुसऱ्याच्या पेटीवर, आपल्याच ओसरीवर, गल्लीभर ऐकू जात होता.

दुपारी घरात कुणी नसलं की आबा रियाज करू लागले. बोटं लवकर वळली. महिन्याभरात त्यांनी आत्यांना हाक मारली, "ये, बस जरा." आत्या पदराला हात पुसत आल्या. जुनीच गौळण धरली. पहिली ओळ बरी गेली. दुसरी वर चढली तसा आत्यांचा आवाज फाटला. त्या खोकल्या, म्हणाल्या, "आज घसा धरलाय." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्यांदा तर त्या धुण्याचं निमित्त काढून उठूनच गेल्या. आणि गुरुवारी बिरूसमोर तीच गौळण, तोच घसा, कुठं खरखर नाही.

"माझ्याबरं म्हणताना घसा धरतो आणि त्याच्याबरं सुटतो," आबा मला म्हणाले. "सुकन्या, तूच सांग, ह्याला काय म्हणायचं?"

मी आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वय झालं माजं." पण वय काय गुरुवारी सुट्टी घेतं का?

पुन्हा आमच्या घरची पाळी आली तेव्हा आबांनी परस्पर बिरूला फोन केला. "ह्या गुरवारी येऊ नगस. घरचा पेटीवाला हाय." बिरू म्हणाला, "बरं, आबा." एवढंच. भांडायला तरी काहीतरी मिळावं की नाही माणसाला.

गुरुवारी आबा धुवट धोतर नेसून बायकांच्या मधोमध बसले. आत्यांचं तोंड उतरलेलं. नमन झालं आणि गौळण सुरू झाली. वर चढायची जागा आली तसा आत्यांचा आवाज फुटला, आणि मागनं साथ देणाऱ्या बायकांचेही गळे एकेक करून बसले. टाळ तेवढे वाजत राहिले.

फुलाबाई मंडळातली वडीलधारी. ती म्हणाली, "आबा, जरा खालनं घ्या की. ही बाप्यांची पट्टी झाली, आमाला लई वर जाती."

आबांनी बोटं खाली सरकवली. सूर लागला, पण पुढचं बोट कुठं टाकायचं ते त्यांना कळेना. पुरुषांच्या भजनात सगळे काळी एक पट्टीत गायचे, पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. आबांची बोटं तेवढीच वाट शिकली होती. तिथून हलली की आंधळी.

पेटी थांबली. आबांनी मान वर न करता विचारलं, "बिरू कुठनं वाजवतो?"

"पांढरी पाचनं," आत्या म्हणाल्या आणि काळी एकच्या बरीच खालची, पाचवी पांढरी पट्टी दाखवली.

"आन आपलं लगीन झालं तवा? तवा बी ही वरच पडायची तुला?"

"पडायची. पर तवा दम हुता. चढत हुते."

"बोलली का न्हाईस मग?"

"तुमाला तेवढंच येत हुतं," त्या म्हणाल्या. "आन इचारलं कुणी? बिरूनं पैल्या दिवशी पेटी उघडायच्या आदी इचारलं, आक्का, कुठनं घिऊ?"

बायका टाळांच्या दोऱ्या गुंडाळू लागल्या. आबा उठले आणि परसात गेले. या वेळी ट्रॅक्टर चालू झाला नाही.

पुढच्या गुरुवारी फुलाबाईच्या घरी बिरूच बसला. आबांनी स्वतः फोन करून त्याला बोलावलं होतं. ते त्याच्या शेजारी बसून भजन संपेपर्यंत त्याच्या बोटांकडं बघत राहिले. मला वाटलं, निवळले. कुठलं निवळतायत!

शुक्रवारी दुपारी मी धान्य निवडत होते. आबांनी पेटी काढली, आत्यांना बसवलं, आणि जरा अवघडून म्हणाले, "कुठनं घिऊ?"

आत्या हसल्या. "घ्या की तुमाला येतंय तितनं. मी म्हणते."

आबांनी भाता सोडला. त्यांचा आवाज एकदम चढला. "बिरूला असं सांगतीस का? त्याला खरं सांगतीस. मग मला का न्हाय? मी कोण हाय तुजा?"

आत्यांचं हसू गेलं. त्या मग पुढं सरकल्या, आबांचं बोट धरलं आणि पांढरी पाचवर नेऊन ठेवलं. "हितनं," त्या म्हणाल्या.

आबांना पुढचा सूर सापडेना. चुकले, पुन्हा चुकले. आत्या तोंड मिटून वाट बघत बसल्या, आणि पूर्वीसारखं काळी एकला वर चढून त्यांना सांभाळून घ्यायला काही गेल्या नाहीत.