अस्तर कुठलं

वडील जयपूरच्या छावणीत मेसवर कंत्राटी स्वयंपाकी होते, म्हणून पेन्शन नव्हतं. ते गेले तेव्हा मी नववीत होते. आई खातीपुऱ्याहून दोन बस बदलून सीतापुऱ्यातल्या कुर्त्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. शिवून झालेल्या कपड्याचे लोंबते धागे कापायचं काम. परदेशी ऑर्डर असली की आठवडाभर, नसली की तीनच दिवस. अशा आठवड्यात घरात भाजी नसायची. आई चटणी वाटायची आणि म्हणायची, आज मला चटणीच खावीशी वाटली.

कॉलेजला गेलेली आमच्या घरात मी पहिली. बी.कॉम. आहे, हे मी कुणी न विचारताही सांगते. त्याच कारखान्यात मला निर्यातीच्या कागदपत्रांचं काम मिळालं आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या देशाशी आपला व्यापार करार लागू झाला. आपल्या शेजारच्या एका देशाचे कपडे तिथं आधीपासून विनाशुल्क जायचे, आपल्या कपड्यांवर आयात शुल्क लागायचं, म्हणून ऑर्डरी तिकडं वळायच्या. आता आपल्यालाही माफी. मी आईला मोठ्या तोऱ्यात समजावलं, दोन्हीकडं लोकांचं राज्य आहे, करार पटला नाही तर लोक सरकारला जाब विचारतील, यात वाईट काय?

आई म्हणाली, "आणि त्या शेजारच्या देशात जिच्या हातची ऑर्डर जाऊन आपल्याकडं येणार, त्या बाईनं कुणाला जाब विचारायचा?"

माझ्या कॉलेजच्या पुस्तकात ती बाई कुठंच नव्हती.

पहिल्या मालाच्या वेळी तर मी पुरतीच गोंधळले. कुर्ता आपलाच आहे, हे कागदावर दाखवलं तरच माफी. कापड कुठलं, धागा कुठला, अस्तर कुठलं? कारखान्याचे मालक सेठजी म्हणाले, सगळीकडं भारत लिही. आणि कागदांच्या घोळात माल तिकडं अडकला तर गिऱ्हाईक जाईल, धागे कापायचा विभाग बंद करावा लागेल, हेही म्हणाले. त्या विभागात आई होती. बिलं बघितली तर अस्तराची दोन, एक इथलं, एक बाहेरच्या देशातलं. कुठल्या पेटीत कुठलं, कुणालाच माहीत नाही. मतलब, खरं लिहायचं तरी काय लिहायचं?

जेवणाच्या सुट्टीत आईला विचारलं. ती डबा पुसत म्हणाली, "निम्म्या मालाचं अस्तर गुळगुळीत आहे. त्यावर कात्री घसरते, इथल्या अस्तरावर कधी घसरत नाही. तू कागद बघत बसलीस, मला विचारायचंस की."

मग आम्ही दोघींनी पेट्या उघडल्या. ती अस्तर चिमटीत धरायची, मी खूण करायची. बाहेरच्या अस्तराचा माल मी वेगळा काढला आणि त्यावर माफी मागितली नाही. सेठजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

करार असावा, असं मला आजही वाटतं. त्या शेजारच्या देशातल्या बाईचं काय, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. आईनं पुन्हा विचारलं तर मी विषय बदलते.

तो माल तिकडं अडकला नाही. निम्म्यावर शुल्क भरलं, निम्मा विनाशुल्क गेला. गिऱ्हाइकानं पुढची ऑर्डर दिली. आईला आता आठवड्याचे सहाही दिवस काम असतं.