अर्ध्या घराचा अर्ज

शाळेत माझ्या अक्षराचं फार कौतुक होतं. अभ्यासात मी बेताची, गणितात तर सगळा आनंदीआनंद, पण फळ्यावर सुविचार लिहायला बाई मलाच उठवायच्या. मॅट्रिकला गटांगळी खाल्ली तरी अक्षर तेवढं राहिलं, आणि गिरणीच्या चाळीत ते लोकांच्या उपयोगी पडायला लागलं. कुणाचा रजेचा अर्ज, कुणाचा नळाचा, कुणाचा रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचा. लोक मला बसवून चहा पाजायचे आणि मी 'माननीय साहेबांचे सेवेशी' असं झोकात लिहायची. वळणदार अक्षरात खरं लिहिलं की साहेब ऐकतो, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. त्यात राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. पुढे जे झालं ते ह्या दोन गोष्टींनी झालं.

चाळीतली आमची खोली गिरणीची होती. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, करकंब गावाहून पोटासाठी सोलापूरला आले आणि साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या मागांवर, लागले. दुष्काळ सरून वर्षदोन वर्षं झाली असतील, तेव्हा ते छातीच्या दुखण्यानं गेले. तेरावा उरकला आणि दोनच दिवसांनी गिरणीचा शिपाई दारात कागद घेऊन उभा. खोली कामावरच्या माणसाची असते, माणूस राहिला नाही, तेव्हा तीन महिन्यांत खाली करा. शिपाई दादांच्या ओळखीचा होता. कागद देताना त्यानं आमच्याकडे बघितलं नाही.

घरात आई आणि मी, दोघीच. तीन महिने आम्ही खोली शोधली. सकाळी भाकरी बांधून निघायचं आणि गल्ल्या पालथ्या घालायच्या. घरमालक पहिलं विचारायचे, घरात पुरुष कोण? नाही म्हटलं की अनामत दुप्पट व्हायची, नाहीतर खोली कालच गेलेली असायची. एकीनं तर आईच्या पदराचा वास घेऊन सांगितलं, विड्या वळणाऱ्यांना आम्ही देत नाही, तंबाखूचा वास भिंतीत बसतो. तिचा नवरा ओट्यावर बसून विडीच ओढत होता. मी ते बोलून दाखवणार होते, आईनं माझा दंड धरून मला रस्त्यावर आणलं.

आई विड्या वळायची, पण तिच्या नावावर एकही विडी नव्हती. हे जरा समजावून सांगायला हवं. विडीच्या कारखान्याचं कार्ड असतं. कार्ड दाखवलं की पानं, तंबाखू, दोरा मिळतो आणि वळलेल्या विड्या त्याच कार्डावर जमा होतात. मी लहान असताना कारखान्यात नावं लिहून घेत होते, आई रांगेत उभी होती, आणि दादांनी तिला रांगेतून परत आणलं. गिरणीत साचे चालवणाऱ्याच्या बायकोचं नाव विडीच्या रजिस्टरात नको, असं त्यांचं म्हणणं. गिरणीला टाळं लागलं की त्याच विड्यांवर आमची चूल पेटायची, ते मात्र त्यांना चालायचं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

म्हणून आई अक्काच्या कार्डावर वळायची. अक्का म्हणजे चाळीमागच्या गल्लीतली तेलुगू बाई. नवरा सोडून गेलेला, पदरात तीन मुली, आणि भावाच्या हातमागाच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात साडीचा पडदा लावून राहायची. मुलींचं करण्यात तिच्या विड्या पुऱ्या व्हायच्या नाहीत आणि कमी भरल्या की कार्ड बंद व्हायची भीती. आईजवळ हात होता, कार्ड नव्हतं. दोघींचं जमलं. रोज दुपारी दोघी शेडमध्ये सूप मांडीवर घेऊन समोरासमोर बसायच्या, पलीकडे माग खटखटत असायचे. अक्का मराठी बोलायची, पण तिच्या मराठीत घर, कार्ड, पान, सगळेच पुरुष होते. मी तिला चिडवायची. ती मला पिल्ला म्हणायची. पिल्ला म्हणजे तेलुगूत पोरगी.

त्या दोघींकडून मला एक गोष्ट कळली. विडी बघून ती कुणाच्या हातची ते ओळखता येतं. तोंड कसं दुमडलंय, दोरा कुठं बांधलाय, पान किती घट्ट ओढलंय, एवढं पुरतं. आईची विडी सरळ आणि कडक. अक्काची जरा सैल, डावीकडे कललेली. ढिगात मिसळल्या तरी अक्का न चुकता वेगळ्या करायची. अक्काला अक्षरओळख नव्हती, हेही सांगून ठेवते.

आमच्या मुदतीतला एक महिना उरला असताना विडीकाम करणाऱ्या बायकांसाठी स्वस्त भाड्याची घरं वाटणार असल्याची बातमी आली. गावाबाहेर, अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला. एक खोली, स्वयंपाकघर, पुढं हातभर अंगण. बायका दुसरं काही बोलेनात. आई आणि मी फॉर्म आणायला कचेरीत गेलो. कारकुनानं कार्ड मागितलं. आईनं सांगितलं, कार्ड नाही पण दहा वर्षं वळतेय, आणि दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले. विडीचं तोंड दुमडायला बायका बोटाला पत्र्याचं नख लावतात, त्याचा घट्टा तिच्या बोटावर कायमचा होता. कारकून उर्मट नव्हता. त्यानं हात बघितले आणि म्हणाला, "हात बघून घर देता येत नाही, बाई."

मग दोघींनी आपसांत ठरवलं. फॉर्म अक्काच्या नावानं भरायचा, घर मिळालं की खोलीत अक्का आणि मुली, स्वयंपाकघरात आम्ही. फॉर्म मीच लिहिला. कुटुंबातल्या माणसांच्या रकान्यात अक्का, तिच्या तीन मुली आणि खाली 'बहीण व भाची' म्हणून आम्ही. लिहिताना मी इतकी खूश होते की शेवटी नक्षी काढणार होते.

यादी लागली आणि अक्काचं नाव त्यात होतं. दोघींच्या विड्या एका कार्डावर जमा होत असल्यानं त्या कार्डाची हजेरी भरगच्च दिसायची, म्हणून नाव वर आलं, असं कारखान्यातले लोक म्हणत होते. पण अक्का दोन दिवस आमच्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि खाली बघत म्हणाली की कचेरीनं आमची दोन नावं खोडली, बहीण तेलुगू नाही, रेशनकार्ड वेगळं, बाहेरचं माणूस घरात सापडलं तर घर काढून घेऊ म्हणाले. थोडे दिवस थांबा, मग या.

आई म्हणाली, "थांबू की. त्यात काय."

आम्हाला खोली सोडायला आठ दिवस उरले होते. थांबायचं कुठं, हे कुणी सांगत नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, नावं हिनंच खोडायला लावली असणार. घर हातात आलं आणि आम्ही परके झालो. आई भोळी आहे, मी नाही. त्याच दुपारी मी शाळेच्या जुन्या वहीतला कागद फाडला आणि माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात कचेरीतल्या मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला. ह्या कार्डावरच्या निम्म्या विड्या माझ्या आईच्या आहेत, तेव्हा निम्मं घर तिचं आहे, साहेबांनी चौकशी करावी आणि न्याय द्यावा. मी एक शब्दही खोटा लिहिला नाही. आईला न सांगता पोस्टात टाकून आले आणि घरी येताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

चौकशीला साहेब स्वतः आले. आमच्याकडे नाही, शेडमध्ये. अक्काच्या भावानं माग बंद केले आणि खुर्ची पुसून दिली. साहेबांनी माझा अर्ज उघडून मांडीवर ठेवला. अक्का आणि आई समोर जमिनीवर बसल्या होत्या, मी दाराशी. साहेबांनी दोघींना विड्या वळून दाखवायला सांगितल्या.

आईला वाटलं, आता आपलं कार्ड होणार. तिनं पदर खोचला आणि सुपात हात घातला. तिच्या बोटांत इतकी घाई मी कधी बघितली नव्हती. बघता बघता दहाबारा सरळसोट विड्या तिनं साहेबांच्या पायाजवळ मांडल्या. अक्कानं दोन वळल्या आणि थांबली. ती साहेबांच्या मांडीवरच्या कागदाकडे बघत होती. साहेबांनी आदल्या दिवशी बांधलेले विड्यांचे कट्टे सोडायला सांगितले आणि आईनं आपणहून आपल्या विड्या निवडून वेगळ्या केल्या.

"म्हणजे ह्या कार्डावर दोघी काम करता," साहेब म्हणाले.

"व्हय सायेब," आई म्हणाली. "धा वर्सं झाली."

साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला जगणं सोपं गेलं असतं. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं की एका कार्डावर दोन माणसं म्हणजे हजेरी खोटी, आणि खोट्या हजेरीवर दिलेलं घर रद्द करणं त्यांना भाग आहे. कार्डाचं काय ते कारखान्यानं बघावं. आई अजून त्यांच्याकडे आशेनं बघत होती. रद्द हा शब्द तिला उशिरा कळला.

अक्काचं नाव यादीत तांबड्या शाईनं खोडलं गेलं. ते घर आम्हाला मिळालं नाही, कुठल्यातरी दुसऱ्या पेठेतल्या बाईला मिळालं. कारखान्याला विड्या हव्या होत्या, म्हणून कार्ड तेवढं राहिलं. चौकशीच्या दिवशी संध्याकाळी आईनं विचारलं, कागद कुणी धाडला. मी म्हणाले, मला काय माहीत. तिनं हातातलं पान कातरून सुपात टाकलं आणि म्हणाली, "तुज्या दादांनी माजं नाव लिवू दिलं न्हाय. आन् तू मला न इचारता लिवलंस."

मला तिनं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मुदत संपली. ट्रंक, घागर, दोन सुपं आणि दादांचा कोट एका हातगाडीवर मावला. रेल्वेच्या रुळांकडेच्या झोपड्यांत करकंबच्या एका माणसानं जागा दाखवली आणि आम्ही बांबू, बारदान आणि पत्रा उभा केला. दर गाडीला पत्रा थरथरायचा. इंजिनाची काजळी धुतलेल्या लुगड्यावर बसायची, भिजवलेल्या पानांवर बसायची, आणि काळी पडलेली पानं कारखान्यात बाद व्हायची. परसाकडला उजाडायच्या आत जावं लागायचं आणि दिवसभर पाणी कमी प्यायचं. मी सतरा वर्षांची होते. मला मरावंसं वाटायचं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ह्या सगळ्यात आई रोज दुपारी चालत अक्काकडे जायची आणि दोघी त्याच कार्डावर विड्या वळायच्या. दुसरा इलाज दोघींनाही नव्हता.

तीनचार महिन्यांनी अक्काच्या भावानं हातमाग मोडीत काढून पॉवरलूम आणले. नव्या मागांना तो साडीच्या पडद्यामागचा कोपरा लागत होता. अक्का तीन मुलींना घेऊन आली आणि तिनं आमच्या पत्र्याला लागून आपला पत्रा लावला. मधली भिंत एकच. तिकडे मुलगी खोकली की इकडे ऐकू यायचं. मी तिला पाणी भरायला मदत करायची, मुलींना अक्षरं गिरवून द्यायची, आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायची. तिला अक्षरओळख नाही, तिला काही कळलेलं नाही, असं मी स्वतःला रोज बजावायची.

पुढच्या वर्षी आणखी घरं होणार असं कानावर आलं. एका दुपारी अक्का दौत आणि कोरा कागद घेऊन आमच्या दारात बसली. आई आत सूप घेऊन बसली होती.

"साहेबाला अर्ज लिही, पिल्ला. माझा नाव का खोडला विचार. आता नवा घर दे म्हण."

हाच साहेब, हीच कचेरी. माझं अक्षर त्यांनी ओळखलं तर? मी कागद मांडीवर घेतला आणि लेखणी अशी तिरपी धरली की अक्षरं वाकडी यावीत. काना तोडला, वेलांटी मोठी काढली, ओळ मुद्दाम खाली नेली. अर्ज पुरा झाल्यावर वाचून दाखवला. अक्कानं कागद माझ्या हातातून घेतला आणि उजेडाकडे धरला. कट्ट्यातली विडी उचलून बघावी तसा ती तो बघत राहिली.

"हा तुझा हात न्हाय," ती म्हणाली.

मी म्हणाले, घाईत लिहिलं अक्का.

"त्या दिवशी साहेबाच्या मांडीवर होता, तो तुझा हात. तसाच काढ. चांगला होता."

आईचे हात सुपात चालूच होते. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं अक्का आता शिव्या घालेल, निदान रडेल तरी. तिनं तो कागद चुलीत घालायला बाजूला ठेवला आणि आपल्या मुलीला वहीतून दुसरा फाडून आणायला सांगितलं. मी सगळा अर्ज पुन्हा लिहिला, माझ्या नेहमीच्या अक्षरात. घरात राहणाऱ्या माणसांची नावं आली तेव्हा तिनं आपलं सांगितलं, तीन मुलींची सांगितली, आणि मग म्हणाली, "आता तुझ्या आईचा. मग तुझा."

"पुन्हा खोडतील, अक्का."

"खोडू दे. तू लिही."

मी लिहिली. त्या अर्जाचं उत्तर आलं नाही.