सुगंधाबाईचं राखलेलं बेट

धानोऱ्याच्या बाजूला आमचं साठ घरांचं गाव. सुगंधाबाई इथली. तोंडाने भलती फटकळ, सरपंचालाही भर रस्त्यात सुनावेल. नवऱ्याचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो.

तिचे सोमाजी जन्मभर बांबू तोडत राहिले. अबोल माणूस. बायकोसाठी कधी गजरा आणला नाही. त्याऐवजी दर भादव्यात एक दिवस तिला नाल्याकाठच्या एका बांबूच्या बेटाशी न्यायचे. तिथे कुजक्या पाल्यातून जांभळट फुलं वर येतात. पान नाही, हिरवेपणा नाही. नुसता दांडा आणि मान वाकवलेलं फूल. बांबूच्या मुळांवर जगतं. तोडलं की काळं पडतं, म्हणून सोमाजी फूल घरी आणायचे नाहीत, बायकोलाच फुलाकडे न्यायचे. दोघं तिथे बसायची, डबा खायची, परत यायची. आमच्या गावात याला कोणी प्रेम म्हणत नाही. मी म्हणतो.

सहा वर्षांपूर्वी सोमाजी गेले. बाई एकटीच जाऊ लागली. "तिथी गेली का माहा मानूस भेटते मले," म्हणायची.

गेल्या वर्षी सगळ्या बांबूला फुलोरा आला. चाळीसेक वर्षांतून एकदा येतो, आणि आला की बांबू वाळून जातो. वणव्याच्या भीतीने ग्रामसभेने वाळका बांबू तोडायचं ठरवलं. मी गोपाल, ग्रामसभेचा सचिव. ठराव लिहीत होतो. बाई उठली.

"थे एक बेट सोडा."

"वाळलं ना बाई थे," कोणीतरी म्हणालं.

"वरून वाळलं. मुळात जीव राह्यते. आपुन दरसाल तोडतो, तरी कोंब फुटते का नाई?"

सगळ्यांना पटलं. तोडलेला बांबू मुळातून पुन्हा फुटतो, हेच पाहत आम्ही मोठे झालो. फुलून वाळलेल्याचं मूळ उरतं का, हे मागच्या फुलोऱ्यापासून कोणाला आठवत नव्हतं. मी मात्र वाचलं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून बोलायचा धीर झाला नाही, एवढंच. मी लिहिलं, 'एक बेट बियाण्यासाठी राखावे.'

भादव्यात तिने मला सोबत नेलं. काहीच नव्हतं. आठ दिवसांनी पुन्हा नेलं. बाई गुडघ्यांवर बसून हातांनी पाला सारत राहिली, पार बेटाला वळसा घालून. मला पाहवेना.

"बाई, फुलला का बांबूचं मूळबी मरते," मी शेवटी सांगितलं. "या जांभळ्या फुलाले आपलं काईच नसते. ज्याच्यावर जगते, त्याच्यासंग जाते."

आता शिव्या बसणार असं वाटलं. बसायलाच हव्या होत्या. पण तिने हातांची माती पुसली.

"माह्यंबी आपलं काई नव्हतं, गोपाल," ती म्हणाली. "मंग मानूस गेल्यावर मी काऊन राह्यली?"