टेकडीवरची रेंज

सोनईजवळच्या त्या वस्तीवर मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त टेकडीवर. कडूबाई रोज संध्याकाळी वर चढून केडगावला दिलेल्या लेकीशी बोलायची. मग एका कंपनीनं टेकडीला कुंपण घातलं, जणू ती त्यांच्या बापाचीच! तिथून उडत्या विमानाकडं लेझरचा झोत सोडून प्रवाशांना आभाळात इंटरनेट द्यायची चाचणी सुरू झाली. फाटकावरच्या माणसानं कडूबाईला हाकलून दिलं. लेक बाळंत झाल्याचं तिला दूधवाल्याकडून कळलं, तेही बारसं उरकल्यावर. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ऊस तुटून गेल्यावर तिनं दरवर्षीसारखं टेकडीखालच्या आपल्या फडातलं पाचट पेटवलं. कंपनीचा इंजिनिअर टेकडीवरून धावत आला. "मावशी, विझवा! धुरानं झोत तुटतो. वर विमान आहे!"

"इमानातल्यांना पिच्चर बघायचाय व्हय? मला नातीचं रडनंबी ऐकू आलं न्हाई!"

चाचणी थांबवा असं टेकडीवरच्या माणसांना कळवायला त्यानं मोबाईल काढला, हात उंच करून चहूकडं फिरवला. "मावशी, इथं रेंज कुठं मिळते?"

कडूबाईनं पेटत्या पाचटात काठी खुपसली.

"तुमच्या कुंपनाच्या आत."