मनगटावरचा वळ

देवळाली प्रवराच्या सुकन्येला ट्रॅक्टर शिकवला तो तिच्या बापाने, सहादेवने, आणि शिकवला म्हणजे अक्षरशः बडवून शिकवला. सहादेव दोन ट्रॉल्या ऊस कारखान्यावर नेणारा. चढावर मागचं ओझं इतकं ओढतं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उठतात. मग स्टेअरिंग फिरवून काही होत नाही; मागच्या डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे दाबत पायांनीच वळवावं लागतं. पंधरा वर्षांची पोर घाबरून स्टेअरिंगला बिलगायची आणि सहादेव उसाचं टिपरू तिच्या मनगटावर हाणायचा.

"हात न्हाई, पाय. स्टेरिंग आता नुसतं शोभंला हाय."

मनगटं काळीनिळी व्हायची. तो राग सुकन्येने जपून ठेवला. पुढे ती वैमानिक झाली, तरी बापाशी कामापुरतंच बोलायची.

विमानात मात्र हातांना काम नव्हतं आणि पायांनाही. उडालं की आपोआप विमान चालवणाऱ्या यंत्राच्या स्वाधीन करायचं, टेकायच्या जरा आधी परत घ्यायचं. तिच्या उड्डाणांच्या वहीत अठराशे तास भरले होते. त्यांत स्वतःच्या हाताने उडवलेले चाळीससुद्धा नव्हते. कॅप्टनच्या खुर्चीत बसायला पूर्वी घासून निघालेला माणूस लागायचा, आता वहीतले तास भरले की झालं. ती सहवैमानिक; शेजारचे कॅप्टन रविराज तर नऊ हजार तासांचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मे महिन्यातली दुपार. बासष्ट प्रवासी घेऊन जिल्ह्यातल्याच धावपट्टीवर उतरताना वादळाने विमानाला खालून लाथ घातली. पट्टा सोडलेल्या एका बाईचं डोकं छतावर आपटून फुटलं. यंत्राने हात टेकले, भोंगा कर्कश वाजू लागला आणि विमान तिरकं झालं. जमीन तीनशे फुटांवर होती. आणि रविराज काय करत होते? एका हाताने यंत्र पुन्हा चालू करायचं बटन दाबत होते आणि दुसऱ्या हाताने सुकाणू पोटाशी ओढत होते. नाक वर उठून वेग मरत होता; आणखी ओढलं असतं तर विमान दगडासारखं पडलं असतं.

"सर, सोडा. मी घेते."

ते सोडेनात. सुकन्येने बाजूचा जड टॉर्च उचलला आणि त्यांच्या मनगटावर हाणला. हाड मोडलं ते तिला भोंग्याच्या आवाजातही ऐकू आलं. पकड सुटली.

तिने सुकाणू पुढे ढकलून विमान सरळ केलं, तरी ते धावपट्टीवर आदळलंच. उजवं टायर फुटलं आणि विमान कडेच्या नाल्याकडे ओढलं जाऊ लागलं. पुढचं चाक अजून हवेतच होतं. तिचे हात जुन्या भीतीने सुकाणूला बिलगले आणि तिचं मनगट ठणकलं, कोणी मारलेलं नसताना. तिने पाय रोवले. डावा ब्रेक, जरासा उजवा, पुन्हा डावा. नाल्यापासून चार हातांवर विमान थांबलं. सगळी माणसं जिवंत उतरली.

चौकशी होईपर्यंत कंपनीने तिला घरी बसवलं. ओट्यावर सहादेवने सगळं ऐकून घेतलं.

"लागलं का गं त्या मानसाला?"

"मनगट मोडलं."

त्याने तिचं मनगट हातात घेतलं. "म्या तुला लई मारलं."

"व्हय आन्ना, लई मारलं तुमी. त्यांच्यावर उगारला तो हात तुमचाच हुता. समदी वाचली, पन मला तुमच्यासारखं व्हायचं न्हवतं."

सहादेवने धरलेला हात सोडला नाही. तिनेही मनगट सोडवून घेतलं नाही.