थोरल्या दिरासमोरची खुर्ची

जुना रिवाज मोडायचा की त्याला वळसा घालून पुढं जायचं? हा प्रश्न मला आज पडला.

रेणापूरजवळच्या आमच्या गावात मी रोज सकाळी मारुतीच्या पारासमोर म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम घेते. आज खुर्चीवरून हात न टेकता उठायचं होतं. सरूमावशी मात्र जमिनीवरच बसून राहिल्या. गेल्या आठवड्यात त्या न्हाणीत पडल्या, तेव्हा त्यांना दोन तास उठता आलं नव्हतं.

"मावशी, खुर्चीवर बसा की."

"समोर पारावर भाऊजी हायत. त्यांच्या म्होरं खुर्चीवर कशी बसू?"

"सत्तरी झाली तुमची."

"म्हणून थोरला दीर धाकटा झाला का, पोरी?"

बाकीच्या बाया हसल्या. मी मात्र चिडून समानतेवर बोलत सुटले. घरातली पहिली पदवीधर ना मी. मावशी देवळाची भिंत धरून उठल्या आणि तशाच भिंतीच्या आधारानं घरी निघाल्या. ते पाहून माझ्या मनात आलं: त्या पुन्हा पडल्या, तर माझं बरोबर असून काय उपयोग?

दुपारीच मी बायकांच्या खुर्च्या पारावरून न दिसणाऱ्या अंगणवाडीच्या व्हरांड्यात नेल्या आणि त्यांना चारला यायचा निरोप धाडला. चार वाजता मावशी आल्या आणि थांबत थांबत, पण हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठल्या.