बिनमिठाचा बांगडा

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी माझ्या शेजाऱ्यानं आपल्या मांजरीला काय खायला द्यायचं हे निम्म्या कल्याणला विचारलं. "विचारून घेतलेलं बरं, नाना," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोलताना उजव्या हाताचं बोट आणि अंगठा जवळ आणायचा, मधे काहीतरी बारीक धरून मापतोय असा.

मापायची सवय नोकरीतली. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. दुसऱ्यानं बनवलेला पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचा, पास करायचा नाहीतर बाजूला ठेवायचा. डोळ्यांवर भरवसा ठेवणं त्याला पापच वाटायचं. मी चौथी नापास. मोहन्याच्या कारखान्यात बॉयलरवर उभा राहून घर चालवलं आणि कुणाला काही विचारायला गेलो नाही. अशा दोघांचं जमणं कठीण. पण चाळीत भिंतीला भिंत लागून होतो, भांडण काढलं तरी पाणी एकाच टाकीचं.

तो साताऱ्याकडचा. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणायचे. मी आगरी. माझ्या घरात मासळीचा वास नसला तर लोक विचारतात, आज कोण आजारी आहे का. बुवाच्या बायकोनं एक मांजरी पाळलेली, ठमी. आता मांजरीला मासळी पाहिजे आणि माळकऱ्याच्या उंबऱ्याच्या आत मासळी यायची नाही. त्या बाईनंच तोड काढली. ठमी राहील त्यांच्याकडे, जेवायला येईल आमच्या दारात. आमची, म्हणजे माझी बायको, रोज सकाळी एका जुन्या स्टीलच्या थाळीत तिचं वाढून ठेवायची, मी खातो त्यातलंच.

मग बाई गेली. जाताना म्हणाली, "तिला उपाशी ठेवू नका." दुसरं काही मागितलं नाही.

तेव्हापासून बुवा स्वतः ठमीला काखेत घेऊन यायला लागला. तुम्ही ते बघायला पाहिजे होतं. नळाची गडबड संपली की तो यायचा, मांजर थाळीपाशी सोडायचा आणि लगेच पाठ फिरवून आमच्या पायरीवर बसायचा. तोंड टाकीकडे, उपरण्याचं टोक नाकाला. थाळी हलकी होती, ठमी खायला लागली की फरशीवर सरकायची, कर्र कर्र आवाज यायचा. तो आवाज थांबला की बुवा मागे न बघता विचारायचा, "झालं का गं तुझं?"

मी म्हणायचो, "बुवा, वळून बघ की जरा. बांगडा उठून तुला चावणार नाही."

"तू गप रे. वास घेतोय तेवढं पुण्य बास झालं."

ठमीला तशीच सवय लागली. तो पाठ करून बसला की ती खायची, त्याच्या आधी तोंड लावायची नाही. कधी त्याला ताप-बिप असला तर थाळी घेऊन आमची तिला बोलवायची, तर ही थाळीकडे न बघता रिकाम्या पायरीकडे बघत राहायची.

त्या वर्षी ठमी वाळायला लागली. सारखी पाणी प्यायची. बुवाची मुलगी ठाण्याला राहते, तिनं तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, मूत्रपिंडं गेलीत, म्हातारपण आहे, मीठ बंद, मासळी बंद, हे खास दाणे द्या. बुवानं दाणे आणले. ठमीनं वास घेतला आणि थाळीवर माती ओढावी तशी पंजानं फरशी खरवडली. कल्याणच्या डॉक्टरनं सांगितलं, दाणे राहू द्या, ती जे खाईल ते द्या, मांजर उपाशी फार दिवस काढत नाही. दुकानवाली म्हणाली, दाणे कोरडे, मूत्रपिंडाला वाईट, पाकिटातलं ओलं द्या. मोबाईलवर एक माणूस म्हणाला कच्चंच द्या. दुसरा म्हणाला कच्च्यानं मरेल. चाळीतल्या बायका दूधभातावर ठाम. दूध पाजल्यावर ठमीला जुलाब लागले, तेही बुवानंच निस्तरलं.

एकदा तर त्यानं मासेवालीला विचारलं, "बाई, यात मीठ किती असतं?"

ती म्हणाली, "समुद्रातला हाय बाबा, तुझ्या नलातला नाय."

मला त्यानं सगळ्यात शेवटी विचारलं, हा मला राग होता. "नाना, ठाण्याचा म्हणतो मीठ नको. कल्याणचा म्हणतो उपाशी नको. म्हणजे दोघांचं धरून मासळीच द्यावी, पण बिनमिठाची. वहिनींना सांगशील?"

मी सरळ नाही म्हटलं. आमच्यात अळणी कधी शिजतं? मयताला. कावळ्यापुढे ठेवायचा भात अळणी असतो. "जित्या जिवासाठी माझ्या घरात अळणी शिजणार नाही," मी म्हणालो. "आणि बोंबील-बांगडे खाऊन इतकी वर्षं जगली ती. तुझे डॉक्टर कालचे."

"तुझं बरोबर असेल नाना. पण मी विचारून आलोय."

"मग त्यांच्याच दारात बसव तिला."

तो खाली वाकला. ठमीला उचललं आणि गेला. मी अजूनही म्हणतो, मिठानं कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. माझं मत मी बदललेलं नाही.

नंतर एका सकाळी चाळीच्या मागे धूर दिसला. जाऊन बघतो तर बुवा. तीन विटा मांडलेल्या, वर एक काळं पातेलं, आत पाणी आणि बांगडा. माळ गळ्यात नव्हती. मागच्या खिडकीच्या खिळ्याला टांगलेली. तो तोंड वळवून आंधळ्यासारखा पळीनं ढवळत होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. धुरानं असेल.

मी विचारलं, "देवाला काय सांगितलंस?"

"विचारलं त्याला."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही बोलला. म्हणजे हरकत नसावी."

एवढ्यात पातेलं कलंडलं आणि त्यानं ते उघड्या हातानं धरलं. आमची माझ्या मागेच उभी होती. ती पुढे झाली. "द्या ते इकरं. हात भाजून घेशाल." माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या चुलीवर नाय शिजवत. हितं शिजवते. मंग तर झालं?"

त्या दिवसापासून ती मागे विटांवर बांगडा उकडायची, अळणी. काटे काढायची, थाळी आमच्या दारात ठेवायची. बुवानं आंघोळ करून माळ परत घातली आणि पहिल्यासारखा पाठ करून बसायला लागला. मी त्या पातेल्याला हात लावला नाही. पण ठमी खायची. अंगावर थोडं मांसही धरलं. बुवा ठाण्याला फोन करून सांगायचा, "आज अर्धा खाल्ला. आज शेपटीकडचा ठेवला." पोरगी तिकडून म्हणायची, "बाबा, तुम्ही जेवलात का?" तो म्हणायचा, "झालं गं माझं," आणि परत ठमीवर यायचा.

पुढच्या थंडीत एका दुपारी बुवा टाकीपाशी खाली बसला, तो उठलाच नाही. शुद्ध होती, पण पायात जोर नव्हता. मुलीनं ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तिचा मला फोन आला.

"नाना, डॉक्टर विचारतायत, बाबांचं खाणं काय होतं? सकाळी काय, रात्री काय? साखर खाली गेलीये, अंगात काही नाही म्हणतायत."

मी फोन कानाला धरूनच वळलो. आमचीला विचारलं, "बुवा काय खायचा गं?" ती पण माझ्याकडे बघत राहिली. भिंतीला भिंत. ठमीचं विचारलं असतं तर आम्ही दोघांनी घडाघडा सांगितलं असतं, कुठला मासा, कुठला भाग, किती उकडलेला. चाळीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. बुवाचं कुणालाच सांगता येईना. त्याच्या घरी जाऊन बघितलं, तर डब्यात थोडे पोहे आणि अर्धं बिस्किटाचं पाकीट.

"भाकरी खात असेल," मी म्हणालो. "भाकरी-दूध."

तिकडे पोरगी डॉक्टरला तेच सांगताना ऐकू आली.

बुवा परत आला तो अँब्युलन्समधून, कापडात. नदीकाठी नेलं, सगळं झालं. पोरीला आमचीनं दोन घास बळेच भरवले. ठमी दिवसभर त्यांच्या बंद दारापाशी बसलेली. आमचीनं बांगडा ठेवला, नाही. पोरीनं दाणे टाकले, पाकिटातलं ओलं टाकलं, रडत रडत हातावर धरलं, नाही. कल्याणच्या डॉक्टरचं बोलणं मला आठवत होतं, मांजर उपाशी फार दिवस काढत नाही.

पोरगी म्हणाली, "नाना, हिचं काय करायचं? माझ्या घरी धाकट्याला दमा आहे."

"काय करायचं म्हणजे?" मी म्हणालो. "ती जेवायला आमच्याकडेच असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पोरीबरोबर बुवाचं घर आवरायला गेली. मी मागे जाऊन विटा नीट लावल्या. बांगडा धुतला, पातेल्यात टाकला, पाणी घातलं. मीठ घातलं नाही. उकडल्यावर काटे काढले, मला जमले तसे, आणि थाळी दारात ठेवली. ठमीला बुवाच्या दारातून उचलून आणलं. तिनं थाळीकडे बघितलं नाही, पायरीकडे बघितलं.

मग मी पायरीवर बसलो. तोंड टाकीकडे केलं, पाठ मासळीकडे. आगऱ्याच्या जन्मात पहिल्यांदा. समोरून बादली घेऊन जाणारा एक जण थांबून बघायला लागला, मी त्याला हातानंच पुढे हो म्हटलं.

बराच वेळ बसलो. कंबर दुखायला लागली, तरी हललो नाही. मग मागे फरशीवर थाळी सरकली.